शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टले

मी आज तुम्हांला जोसेफ प्रीस्टले यांची माहिती सांगणार आहे. त्यांचा जन्म १७३३ साली इंग्लंडमध्ये लीड्स शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील कापडाचे काम करीत. आई लहानपणीच वारली. मग आत्याने त्यांना वाढविले. बोलताना त्यांची जीभ अडखळायची. तरी ते पुष्कळ भाषा शिकले. पुढे ते धर्मोपदेशक झाले. शाळेत मास्तर पण होते.

१७६७ साली ते लीड्सला राहायला गेले. त्यांच्या शेजारी बियरचा कारखाना होता. तिथल्या पिंपांवर एक वायू साचायचा. त्यात जळते लाकूड धरले की लगेच विझायचे. तो कार्बन डाय-ऑक्साइड होता. तो पाण्यात मिसळून त्यांनी सोडावॉटर बनविले. जत्रेत आपण सोडा पितो ना, त्याची सुरुवात अशी झाली.

मग त्यांना एक कोडे पडले. माणसे, गुरे, पाखरे सगळी श्वास घेतात. चुली पेटतात, दिवे जळतात. मग जगातली चांगली हवा संपून कशी जात नाही?

त्यांनी पाण्यावर काचेचे भांडे पालथे घातले व आतल्या हवेत मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली.  १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्यांनी त्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. ती हवा आणखी खराब करील असे त्यांना वाटले होते. पण झाले उलटेच! दहा दिवसांनी तिथे मेणबत्ती छान जळली. नंतर पुदिन्याने सुधारलेल्या हवेत उंदीर ठेवला, तो जगला. चटणीत घालतात त्या पुदिन्याने एवढे मोठे कोडे सोडविले, याचे मला फार नवल वाटते.

१ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी मोठ्या भिंगाने पाऱ्याची लाल भुकटी तापविली. तिच्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळाली. तोच प्राणवायू. स्वीडनचे शेले यांना तो आधीच सापडला होता, पण प्रीस्टले यांनी तो आधी छापून सांगितला. त्याला ऑक्सिजन हे नाव फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी दिले. प्रीस्टले मात्र शेवटपर्यंत जुनेच मत धरून बसले. थोर माणसेसुद्धा कधी कधी हट्टी असतात.

झाडाचे हे काम उन्हात चालते, हे १७७९ साली इंगेनहाउस यांनी दाखविले. पानांना डोळ्यांना न दिसणारी बारीक भोके असतात. उन्हात त्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड आत जातो आणि प्राणवायू बाहेर येतो. आपल्या छातीत फुप्फुसे याच्या उलट करतात. म्हणून आपली आणि झाडांची देवाणघेवाण चालू आहे. झाडे पण रात्रंदिवस श्वास घेतात बरं का!

आता दुःखाची गोष्ट. प्रीस्टले यांची धर्माची व राज्यकारभाराची मते पुष्कळांना पटत नसत. त्यांनी फ्रान्सच्या क्रांतीची बाजू घेतली होती. १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅम शहरात दंगल उसळली. लोकांनी त्यांचे घर जाळले. पुस्तके, कागद, प्रयोगाची भांडी सगळी गेली. ते व त्यांची बायको कसेबसे निसटले. ज्यांना ते हवेचे गुपित सांगत होते त्यांनीच घर पेटविले, हे वाचून मला रडू आले.

पण ते गप्प बसले नाहीत. १७९४ साली बोटीने अमेरिकेला गेले. तेव्हा त्यांचे वय ६१ होते. तिथे पुन्हा प्रयोगशाळा उभारली. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी ते वारले.

मित्रांनो, मत पटले नाही तर वाद घालावा, पण कुणाचे घर जाळू नये. आणि झाड दिसले की प्रीस्टले यांची आठवण काढावी. अशा या शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.