वाल्देमार हाफकिन

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. पुढे ती पुणे, कोल्हापूर अशी पसरत गेली व घरेच्या घरे ओस पडली. त्या संकटसमयी वाल्देमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ कलकत्त्याहून मुंबईस धावून आले. त्यांचा जन्म १८६० साली ओदेसा शहरी झाला होता. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत अहोरात्र खपून त्यांनी प्लेगवरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना कामावरून दूर व्हावे लागले.

पुढे खरा प्रकार उघडकीस आला. बाटली उघडण्याचा चिमटा हातातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले होते. बाटली अनेकांसाठी एकच असल्यामुळे एका हाताची चूक १९ जणांच्या जिवावर बेतली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडली. १९०७ साली ते दोषमुक्त झाले व भारतात परतले.

परळ येथील प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली ते निवर्तले. औषध कितीही गुणकारी असो, ते देणारा हात व हातातील साधन स्वच्छ हवे, हा धडा त्यांच्या चरित्रातून मिळतो.