मुळशीच्या जमिनीसाठी सात वर्षं तुरुंगात गेलेले सेनापती बापट

केज : आपल्या तालुक्यात भूसंपादनाचा विषय निघाला की धनेगावच्या मांजरा धरणाची आठवण निघतेच. कुणाची किती जमीन पाण्याखाली गेली, मोबदला काय पडला, हे जुनी माणसं अजून सांगतात. जमीन घेण्याविरुद्ध शंभर वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात एक माणूस उभा राहिला होता. तो म्हणजे पांडुरंग महादेव बापट.

जन्म 12 नोव्हेंबर 1880 चा, पारनेरचा. शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले आणि तिथं इंजिनिअरिंग सोडून क्रांतिकारकांत सामील झाले. बॉम्बची विद्या त्यांनी मिळवली ती पॅरिसमध्ये.

पण नाव झालं ते मुळशीनं. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीनं मुळा-नीला संगमावर धरण काढलं. शेतकऱ्यांना धड न विचारताच शेतात खोदकाम सुरू झालं. मावळे हटेनात, तेव्हा सरकारनं 1894 चा भूसंपादन कायदा पुढं केला. खासगी कंपनीसाठी सरकारी सक्ती! 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. काम काही काळ थांबलंही.

खरी गोम पुढंच आहे. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या, कसणारे मात्र मावळे. सावकारांना मोबदला चांगला मिळाला की पुरे होतं, कुळाला जमीनच हवी होती. एका गटानं पैसे घ्यायची तयारी दाखवली अन् लढ्याला भेग पडली. सातबाऱ्यावर नाव एकाचं अन् नांगर दुसऱ्याचा, हे दुखणं आपल्याकडं काही नवं नाही.

बापट मात्र हटले नाहीत. वारंवार तुरुंगात गेले. 1924 मध्ये साथीदारांसह त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवून गोळीबार केला. सत्याग्रहाच्या वाटेत हे बसत नव्हतं, हेही सांगायला हवं. सात वर्षांची शिक्षा झाली. 1931 ला सुटले तोवर धरण भरून गावं बुडाली होती. सेनापती हे नाव तेवढं मुळशीनं दिलं.

पुढं निजामाविरुद्धच्या हैदराबाद सत्याग्रहातही ते उतरले. आपला केज तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. 28 नोव्हेंबर 1967 ला ते वारले.

मुळशीत वापरलेला 1894 चा कायदा मांजरा धरणाच्या वेळीही होताच. तो गेला 1 जानेवारी 2014 ला. नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही.