लॉरेन्स आणि त्यांचे विश्वस्त

ऑगस्ट महिना उजाडला की हिरोशिमाचे स्मरण करण्याची प्रथा जगभर पडून गेली आहे. त्या स्मरणात ओपेनहायमर यांचे नाव हटकून येते. अर्नेस्ट लॉरेन्स यांचे सहसा येत नाही. वस्तुतः ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर पडलेल्या बाँबमधील युरेनियम लॉरेन्स यांनी योजलेल्या यंत्रांतूनच वेगळे होऊन निघाले होते. ८ ऑगस्ट १९०१ हा त्यांचा जन्मदिवस आणि २७ ऑगस्ट १९५८ हा मृत्युदिन. आम्हांस त्यांच्या चरित्राचे अगत्य वाटते ते केवळ शास्त्रासाठी नव्हे. एक सुप्रतिष्ठित विद्यापीठ पैसा, पेटंटे, गुप्त करार आणि नेमणुका यांच्या गुंत्यात पावलापावलाने कसे शिरत गेले, हे त्या चरित्रात स्वच्छ दिसते.

दक्षिण डाकोटा प्रांतातील कँटन या लहानशा गावी, नॉर्वेहून आलेल्या कुळात त्यांचा जन्म झाला. १९२८ साली ते बर्कले येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी विडेरो यांचा एक जर्मन लेख त्यांच्या दृष्टीस पडला. जर्मन बेताचेच येत असल्याने त्यांनी मजकुरापेक्षा आकृत्याच पाहिल्या, आणि त्यांतून सायक्लोट्रॉनची कल्पना निघाली. कणांना सरळ रेषेत पळविण्याऐवजी चुंबकाच्या साह्याने वर्तुळात फिरवावे व दर फेऱ्याला धक्का द्यावा, एवढेच तिचे तत्त्व. १९३१ च्या आरंभी लिव्हिंग्स्टन या विद्यार्थ्याने चालवून दाखविलेले पहिले यंत्र तळहातावर मावण्याजोगे होते.

पुढची यंत्रे मात्र तळहातावर मावेनात, आणि विद्यापीठाच्या तिजोरीतही मावेनात. लॉरेन्स यांचे खरे असामान्यत्व आमच्या मते येथे आहे. १९३४ साली मिळालेले सायक्लोट्रॉनचे पेटंट त्यांनी रिसर्च कॉर्पोरेशन या संस्थेच्या हवाली केले. ही संस्था बर्कलेच्याच कॉट्रेल यांनी १९१२ साली, धुरांड्यांतील धूळ पकडण्याच्या आपल्या पेटंटांतून उभी केली होती. लॉरेन्स यांना पैसा पुरविणाऱ्या केमिकल फाउंडेशनची मालमत्ता तर पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून जप्त केलेली रासायनिक पेटंटेच! युद्धाचा पैसा प्रयोगशाळेत शिरला तो दुसऱ्या महायुद्धात, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

१९३६ साली हार्वर्डने बोलावणे धाडताच अध्यक्ष स्प्रौल यांनी त्यांची प्रयोगशाळा स्वतंत्र विभाग करून दिली आणि वर्षाला २० हजार डॉलरांची तजवीज केली. विश्वस्तांपैकी क्रॉकर या पेढीवाल्यांनी ७५ हजार डॉलर दिले. १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर १९४० मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानने साडेअकरा लाख डॉलर मंजूर केले. इतर विद्यापीठांना यंत्राचे आराखडे व माणसे देताना लॉरेन्स यांनी हात आखडला नाही. त्यांच्यापाशी शिकलेले नागचौधरी १९४१ मध्ये कलकत्त्यास परतले ते सायक्लोट्रॉनचा ध्यास घेऊनच. याच उदार गृहस्थांनी १९३८ साली सेग्रे यांना मुसोलिनीच्या वंशद्वेषी कायद्यांमुळे इटलीस परतता येत नाही असे कळताच त्यांचे मासिक वेतन ३०० डॉलरांवरून ११६ वर आणले, हेही नमूद केले पाहिजे.

युद्ध आले. अपूर्ण राहिलेल्या अजस्र चुंबकावर लॉरेन्स यांनी युरेनियम वेगळे करण्याचे प्रयोग आरंभिले. त्या यंत्रास विद्यापीठाच्या नावावरून कॅलुट्रॉन म्हटले गेले. टेनेसी प्रांतात त्यांची रांगच उभी राहिली. तांब्याची टंचाई होती म्हणून वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातून १३ हजार टनांहून अधिक चांदी उसनी आणली गेली.

लॉस अलामोसचा करार याहूनही विलक्षण. १९४३ च्या एप्रिलमध्ये विश्वस्तांचे सचिव व कोषाध्यक्ष रॉबर्ट अंडरहिल यांनी विद्यापीठातर्फे त्यावर सही केली. त्या डोंगरावर काय घडवायचे आहे, हे त्यांस ठाऊक नव्हते. बहुतेक विश्वस्तांनाही नव्हते. ठिकाण उघड होऊ नये म्हणून खरेदीची कचेरी लॉस एंजेलिसला थाटण्यात आली. अंडरहिल यांना खरा प्रकार सांगितला तो लॉरेन्स यांनी, सही होऊन काही महिने लोटल्यावर. आमच्याकडे देवस्थानचा महाजनही वही उघडल्याविना सही करीत नाही! युद्धकाळात गुप्तता अटळ होती हे आम्ही मान्य करतो. परंतु युद्ध संपल्यावरही करार संपला नाही. एकट्या त्या विद्यापीठाकडे लॉस अलामोसचा कारभार २००६ पर्यंत राहिला. सही करताना नव्हते ते ज्ञान तेव्हा विश्वस्तांपाशी होते, म्हणून तो निर्णय आम्ही पहिल्यापेक्षा गंभीर मानतो.

प्लुटोनियमच्या पेटंटाचा हिशेबही असाच लांबला. सरकारी करारापूर्वीच्या कामाबद्दल सीबोर्ग, सेग्रे आणि त्यांचे दोन सहकारी यांना १९५५ साली मिळून चार लाख डॉलर देण्यात आले.

१९४९ साली विश्वस्तांनी प्राध्यापकांवर कम्युनिस्टविरोधी शपथ लादली. आग्रही गटाचे पुढारी नेलन हे लॉरेन्स यांचे निकटचे स्नेही. न जाणता सही करणाऱ्या मंडळाने आता इतरांच्या सह्या मागाव्यात, हा योग विचित्रच. १९५० च्या ऑगस्टमध्ये ३१ अध्यापक काढले गेले. लॉरेन्स यांच्याच प्रयोगशाळेला विक गमवावे लागले. सही करूनही पानोफ्स्की स्टॅनफर्डला निघून गेले आणि तेथील मोठ्या प्रवेगक केंद्राचे संचालक झाले. १९५२ साली प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने काढलेल्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या खटल्यात विश्वस्तांच्या वतीने प्रतिवादी म्हणून नाव होते ते अंडरहिल यांचेच. लॉरेन्स यांनी आपले सारे वजन शपथेविरुद्ध टाकले असते तर ते व्यर्थ गेले नसते, असे आमचे मत आहे. त्यांनी तसे केले नाही.

१९५२ मध्येच टेलर यांच्या साथीने त्यांनी लिव्हरमोर येथे दुसरी शस्त्रप्रयोगशाळा उभारली. १९५४ साली जुने मित्र ओपेनहायमर यांच्या चौकशीत ते साक्षीस जाणार होते, पण आतड्याच्या विकाराने वाटेतून परतले. त्याच दुखण्याने १९५८ च्या जुलैत, अणुचाचण्या थांबविण्यासाठी जिनिव्हास भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून त्यांना माघारी यावे लागले आणि महिनाभरात त्यांचा अंत झाला. वय अवघे ५७. विश्वस्तांनी चार आठवड्यांच्या आत बर्कले व लिव्हरमोर या दोन्ही प्रयोगशाळांना त्यांचे नाव दिले. शस्त्रे घडविणाऱ्या लिव्हरमोरवरून पतीचे नाव उतरवावे, अशी विनंती त्यांच्या पत्नी मॉली यांनी पुढे याच मंडळाकडे वारंवार केली. ती मान्य झाली नाही.