शंकर पुरुषोत्तम आघारकर : वनस्पतींच्या प्रवासाचा मागोवा घेणारा शास्त्रज्ञ

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांतील साम्यामुळे ती समाजसुधारक आगरकरांच्या स्मरणार्थ असावी, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि आपल्या शेजारच्या मालवणचे होते. वनस्पती एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात कशा पोहोचतात आणि तेथील हवापाण्यात कशा तग धरतात, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. हवामान बदलत असताना आज हाच प्रश्न शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन ठेपला आहे.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सह्याद्रीत भटकून वनस्पती व प्राणी गोळा करणे हा त्यांचा नित्याचा उद्योग. अशाच भ्रमंतीत, १९११च्या सुमारास, सातारा जिल्ह्यातील मेढ्याजवळ त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. त्याच्या जातकुळीतील जीव तोवर केवळ आफ्रिकेत ज्ञात होते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनानडेल यांनी या शोधाची दखल घेतली आणि तरुण आघारकरांचे नाव विद्वानांच्या वर्तुळात पोहोचले.

पुढे कोलकाता विद्यापीठाने त्यांची वनस्पतिशास्त्राच्या रासबिहारी घोष अध्यासनावर नेमणूक केली व उच्च अध्ययनासाठी त्यांना युरोपात धाडले. ते जर्मनीत असतानाच १९१४ साली महायुद्धाचा भडका उडाला. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. अ‍ॅडॉल्फ एंग्लर या ख्यातनाम वनस्पतितज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९१९ साली बर्लिन येथून डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातील कोरड्या प्रदेशांत वाढणाऱ्या झुडपांचा. त्यांची बीजे कशी पसरतात आणि ही झुडपे मूळची कुठली, याचा शोध त्यात होता.

आघारकर विद्यार्थिदशेत होते तेव्हा मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांचा नव्याने शोध लागून फार काळ लोटला नव्हता. साहजिकच बीज, फळ, पानाची ठेवण आणि जातीचा भौगोलिक विस्तार हीच त्यांची साधने होती. वनस्पतीच्या प्रवासाची नोंद तिच्या पेशीतही असते, हे पुढच्या पिढ्यांनी दाखवून दिले.

कापसाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मध्य प्रदेशातील मराठीभाषक सीमाभागात, लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात, संत्र्याच्या बागांबरोबर कापसाचेही पीक घेतले जाते. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकी वाणात ५२. या ५२ पैकी निम्मी गुणसूत्रे आफ्रिका-आशियातील कापसाच्या कुळातून आली आहेत आणि निम्मी अमेरिकेतील रानकापसाच्या कुळातून. सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातील कापसाचे बी समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचले असावे आणि तेथे दोन कुळांचा संकर झाला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. बीजप्रसाराचा आघारकरांचा प्रश्न येथे जनुकांच्या इतिहासाला येऊन मिळतो.

गव्हाचीही कथा अशीच. खपली गव्हात दोन पूर्वजांचा जनुकसंच मिळून २८ गुणसूत्रे आहेत. पोळीच्या गव्हात तिसऱ्या तृणाची भर पडून ती ४२ झाली. जनुकसंच असा वाढला की एकाच जनुकाच्या दोन-तीन प्रती हाती येतात. एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरीत बदल झाला तरी रोपाचे सहसा बिघडत नाही. उलट त्यातून एखादा नवा गुण उद्भवू शकतो. थंडी, दुष्काळ वा खारी जमीन सोसण्याची क्षमता काही वेळा याच वाटेने आली आहे.

१९२०च्या दशकाच्या आरंभापासून आघारकरांनी कोलकात्यात विभागप्रमुख म्हणून काम पाहिले. नेपाळसह हिमालयाच्या परिसरातून त्यांनी वनस्पतींचे नमुने गोळा केले. कोलकात्यातील अध्यापन संपवून १९४६ साली ते पुण्यात आले. याच वर्षी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली आणि आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले. निवृत्तीच्या वयात त्यांनी नव्या संस्थेची उभारणी अंगावर घेतली आणि अखेरपर्यंत तिचा भार वाहिला. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ साली संस्थेच्या संशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. तेथील वनस्पतिसंग्रहालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या संस्थेने पुढे गहू व सोयाबीनचे अनेक वाण दिले. खपलीचा 'एमएसीएस २९७१' हा त्यांपैकी एक. नवा वाण घडवण्यासाठी लागणारे गुण मात्र जुन्या वाणांतून आणि रानटी सोयरिकीतूनच घ्यावे लागतात. एखादे गावठी बियाणे शेतातून नाहीसे झाले, की शेकडो पिढ्यांनी त्या मातीशी जुळवून घेत कमावलेली जनुकांची जुळणीही त्याच्याबरोबर जाते. कोकणातील व गोव्यातील खाजण जमिनींत पिकणारे कोरगुटसारखे भाताचे वाण खारे पाणी सोसतात. असे वाण आणि त्यांचे नमुने जपून ठेवणे, हे आघारकरांनी आयुष्यभर केलेल्या कामाचेच पुढचे पाऊल आहे.