पंडिता रमाबाई : औषधानंतर हाताला काम



बाळंतपणात झालेली इजा कित्येक बायका लाजेपोटी लपवतात. लघवीवरचा ताबा गेला की बाईची कामधंद्याची वाटही बंद होते. हे मुके दुःख पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) ओळखले होते. पुरुष डॉक्टरला दुखणे सांगता येत नाही म्हणून बायका जीव गमावतात, असे त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले व स्त्री-डॉक्टर मागितल्या. त्याच वर्षी त्या विधवा झाल्या होत्या. पदरी लहानगी मनोरमा होती.

पुढे पुण्यापलीकडे, दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार, आजारी मुली-बायकांना तिथे आधी अन्न-औषध मिळाले. मग विणकाम, शिवण, शेती, छपाई शिकवली गेली. रमाबाईंच्या मराठी बायबलचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले.

त्या कॅथॉलिक नव्हत्या. पण गेलेला मान नुसत्या दयेने परत येत नाही, त्याला स्वकष्टाचे चार पैसेही लागतात, हे आम्ही त्यांच्याकडून शिकतो. आपल्या मावळातल्या वाडीवस्तीवर अशी भगिनी असेल तर तिला आधी डॉक्टरांकडे नेऊ या; बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने ही इजा बरी होते. मग शिवणयंत्रापर्यंतही तिच्यासोबत जाऊ या.