पंडित विष्णु दिगंबर पलुसकर : वाडीच्या उत्सवातून निघालेली गायनशाळा



श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचा जन्म आपल्या लाड कारंज्यातला. पुढे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखाली महाराज बारा वर्षे राहिले आणि ती जागा नरसोबाची वाडी झाली. त्यामुळे कारंज्याच्या माणसाला वाडी परकी वाटत नाही. त्याच वाडीच्या दत्तजयंतीत घडलेली एक गोष्ट आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही. मी संध्याकाळी लेकरांना पेटी आणि भजनं शिकवतो. त्यांच्यासाठी म्हणूनही ती इथं लिहितो.

वाडीच्या शेजारीच कुरुंदवाड. तिथं 18 ऑगस्ट 1872 रोजी विष्णूचा जन्म झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळे टाळ-मृदंग घरचाच. पोरगं शाळेत जाणारं, हुशार. एका दत्तजयंतीला उत्सवात फटाका उडाला तो थेट चेहऱ्यावर. डोळे भाजले. पुढं मिरजेला उपचार झाले, पण दृष्टी कायमची अधू झाली. वाचन-लेखनाच्या जोरावर पोट भरण्याची वाट त्या दिवशी बंद झाली.

पुष्कळ जण इथं म्हणतात की ही दत्तगुरूंचीच योजना. मला ते इतक्या सहज म्हणवत नाही. लेकराचे डोळे गेले त्या घरात त्या रात्री काय झालं असेल, ते आईबापच जाणोत. पालखीच्या वेळी फटाके वाजवणाऱ्या आपल्या पोरांना मी दरवर्षी हीच गोष्ट सांगतो. काही ऐकतात.

मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती मुख्यतः त्यांनी. मिरज संस्थानच्या राजेसाहेबांनी आश्रय दिला आणि विष्णू त्यांच्याकडं शिकू लागला. तेव्हा शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करून, गुरू देतील तेवढं घ्यायचं. पुस्तक नाही, वर्ग नाही, किती वर्षांत काय येईल याचा हिशेब नाही. विष्णुबुवांनी वर्षानुवर्षं मेहनत केली आणि गळा तयार केला.

मग एक प्रसंग घडला. मिरजेतल्या एका सार्वजनिक समारंभाचं आमंत्रण विष्णुबुवांना आलं, त्यांच्या गुरूंना आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की शिष्याला राजेसाहेबांचा माणूस म्हणून बोलावलं होतं. गुरू काय, नुसते गवई! हे त्यांच्या मनाला फार लागलं. ज्याच्या पायाशी बसून विद्या घेतली त्याला समाजात बसायला जागा नसेल, तर आपण राजाश्रयाला राहून करायचं काय? 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असे ते फिरले. गिरनारवर त्यांना एक साधू भेटले आणि त्यांनी उत्तरेला जाण्याची आज्ञा केली, असं सांगतात. गिरनार म्हणजे दत्तात्रेयांचं शिखर, तेव्हा दत्तभक्तांनी काय समजायचं ते समजावं.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. घरापासून इतक्या लांब, ओळखपाळख नाही, आणि संस्था चालवायची ती कुण्या एका राजाच्या खजिन्यावर नाही तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर. पहिले काही दिवस म्हणे विद्यार्थीच आला नाही. बुवा एकटेच तंबोरा घेऊन ठरल्या वेळेला बसत. पुढं मुलं यायला लागली, मुलीही आल्या. भल्या घरच्या पोरीनं गाणं शिकणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

त्यांनी स्वरलिपी तयार केली, लहान मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं छापली, इयत्ता पाडल्या. शृंगाराच्या चिजांच्या जागी भक्तीची पदं बसवली. यावर जाणकार नाक मुरडतात, आणि काही सुंदर चिजा त्यात बाजूला पडल्या हे मलाही मान्य आहे. पण त्यामुळेच तर आईबापांनी दार उघडलं! आमच्या वर्गात आजही पहिल्या दिवशी पालक विचारतात, भजन शिकवता ना? हो म्हटलं की पोरगी दुसऱ्या दिवशी येते.

1908 मध्ये मुंबईला शाखा निघाली. तिथं शिक्षक घडवण्याचा उपदेशक वर्ग होता. मुलं बुवांजवळच राहत, जेवत आणि नऊ-नऊ वर्षं शिकत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी त्यांचीच पोरं. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात प्रार्थना शिकवायला गेले. मुंबईत स्वतःची इमारत उभी राहिली, पण कर्ज काढून. जलसे करून बुवा ते फेडत राहिले, तरी फिटलं नाही. शेवटी इमारत लिलावात गेली. बुवा नाशिकला रामनामाच्या आश्रमात राहू लागले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला.

त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. आपली वऱ्हाडातली लेकरं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा ज्या परीक्षांना बसतात, त्या याच मंडळाच्या.

बुवांची बरीच अपत्यं लहानपणीच गेली. 1921 मध्ये नाशिकला झालेला एक मुलगा तेवढा राहिला. वाडीच्या उत्सवात ज्याची दृष्टी गेली, त्या बापानं मुलाचं नाव ठेवलं दत्तात्रेय. बाप गेला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मग विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला शिकवलं. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात तो पहिल्यांदा लोकांपुढं गायला बसला. ते पंजाबच, जिथं त्याच्या बापानं गायनशाळा काढली होती.