मुरबाडचे नाना आणि आपली आगगाडी

डोळखांबहून पहाटेची एस.टी. धरून आसनगाव स्टेशन गाठायचे आणि तेथून लोकलने कल्याणच्या बाजूला जायचे, हा आपल्या भागातील कितीतरी विद्यार्थ्यांचा आणि नोकरदारांचा नित्यक्रम आहे. गाडी चुकली की दिवस चुकला. ही गाडी या देशात यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांतला एक अग्रणी पुरुष आपल्या शेजारच्या मुरबाडचा होता, हे मात्र आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी नसते. तो पुरुष म्हणजे नामदार जगन्नाथ शंकरशेट, अर्थात मुंबईकरांचे नाना.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी मुरबाड येथे मुरकुटे या दैवज्ञ घराण्यात झाला. घराण्याचा व्यापार मुंबईत भरभराटीस आलेला होता. वडील शंकरशेट हे मोठे सावकार आणि व्यापारी. नानांचे शिक्षण घरीच शिक्षक ठेवून झाले. इंग्रजीही ते घरीच शिकले. 1822 साली वडील वारले आणि एकोणीस वर्षांच्या या तरुणावर सर्व कारभाराचा भार पडला. पैसा राखणे एवढेच ध्येय त्यांनी ठेवले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. पण पेढी सांभाळता सांभाळता ते लोकांच्या कामात पडले आणि पुढे चाळीस वर्षे त्यातच राहिले.

मुंबईत एतद्देशीयांना नवे शिक्षण मिळावे म्हणून निघालेल्या संस्थांचे ते आधारस्तंभ होते. 1840 मध्ये शिक्षण मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून 1856 पर्यंत ते त्याचे सभासद होते. मुलींना शिकविणे म्हणजे धर्म बुडविणे, असे मानणाऱ्या त्या काळात 1849 च्या सुमारास त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. सतीच्या चालीवर बंदी आली तेव्हा तिला पाठिंबा देणाऱ्यांत ते होते. 1852 साली बाँबे असोसिएशन ही राजकीय संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते प्रमुख होते. 1862 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली.

परंतु आपल्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कार्य रेल्वेचे. मुंबई हे बेट. माल आणि माणसे बैलगाडीने, होडीने किंवा पायी येत. पावसाळ्यात घाटवाटा बंद होत. 1843 च्या सुमारास मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि तेथून थळ व बोर या घाटांकडे लोहमार्ग न्यावा, अशी कल्पना पुढे आली. 1845 साली नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन इंडियन रेल्वे असोसिएशन ही संस्था काढली. पुढे ती लंडनच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीत सामील झाली आणि कंपनीच्या दहा संचालकांत हे दोघेच हिंदी होते. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे 400 पाहुणे आणि 34 किलोमीटरांची वाट. त्या पाहुण्यांत नानाही होते.

पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, गाडी कल्याणला आली. 1855 मध्ये वाशिंदला. 1860 मध्ये आसनगावला. 1861 मध्ये कसाऱ्याला. 1865 च्या आरंभी थळघाट ओलांडून ती इगतपुरीस पोचली. त्याच वर्षी 31 जुलै रोजी नानांचे निधन झाले. म्हणजे आपल्या शहापूर तालुक्यातील रूळ त्यांच्या डोळ्यांदेखत पडले.

येथे एक गोष्ट मनमोकळेपणाने मांडली पाहिजे. रेल्वे केवळ लोककल्याणासाठी आली नाही. इंग्रज व्यापाऱ्यांना देशावरचा कापूस बंदरात हवा होता. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती आणि तिचा बोजा हिंदी रयतेच्या करांवर होता. घाट फोडताना पटकीने आणि अपघातांनी असंख्य मजूर मेले. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. नाना स्वतः व्यापारी होते, त्यांना या व्यवहारातला नफा कळत नव्हता असे नाही. पण नफ्याच्या या गाडीत सामान्य माणसालाही जागा मिळाली, ही गोष्ट काही लहान नव्हे.

नानांना सामान्य माणसाच्या अंतराची जाण होती, हे दुसऱ्या एका प्रसंगावरून दिसते. गिरगावाजवळील सोनापूर येथे हिंदूंची स्मशानभूमी होती. वस्ती वाढू लागली तेव्हा ती तेथून हलवून दूर शिवडीकडे न्यावी, असा सरकारचा विचार होता. श्रीमंताला त्याचे काही नव्हते. परंतु ज्याला खांद्यावरून प्रेत न्यायचे, त्या गरिबाला ते मैलोगणती अंतर असह्य होते. नानांनी लोकांची बाजू सरकारपुढे नेटाने मांडली आणि स्मशानभूमी जागेवर राहिली. दूर आणि जवळ या शब्दांचा अर्थ गरिबासाठी आणि श्रीमंतासाठी वेगळा असतो, हे त्यांनी ओळखले होते.

घराच्या प्रश्नाचे मर्म हेच आहे. नानांच्या हयातीतच मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि त्यांच्या पश्चात गिरण्यांच्या भोवती चाळी दाटल्या. कामगाराला भोंग्याच्या हाकेवर पोचायचे असे, म्हणून एका खोलीत दहा-दहा माणसे राहत. 1896 साली प्लेग आला तेव्हा या दाटीची किंमत शहराला कळली. 1898 मध्ये सुधार ट्रस्ट निघाला, 1920 नंतर वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे सरकारी बी.डी.डी. चाळी झाल्या. पण खरा मोकळा श्वास दिला तो लोकलने. दादर, ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे राहून मुंबईत काम करणे शक्य झाले ते नानांच्या वेळी पडलेल्या रुळांमुळे. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविली, तेथेही 1992 साली गाडी वाशीला पोचल्यावर वस्तीला खरा जोर आला. घर आणि गाडी ही जोडी एकत्र विचारात घ्यावी लागते, ती अशी.

आता ही लाट आपल्या दारी आली आहे. वाशिंद, आसनगाव येथे स्टेशनलगत इमारती उभ्या राहिल्या. ज्याची जमीन गेली त्याच्या मुलाला त्याच इमारतीत खोली घेणे परवडत नाही, हे चित्र आपण पाहतो. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात येथील पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. पाण्याचे जे झाले ते जमिनीचे होऊ नये, अशी इच्छा असेल तर वेळीच बोलले पाहिजे. मुरबाडला रेल्वे यावी ही तर किती जुनी मागणी! ज्या गावाने रेल्वेचा एक जनक दिला, त्या गावच्या माणसाने गाडीसाठी कल्याणची वाट धरावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. ती गाडी येईल तेव्हा स्टेशनाभोवतीची सगळी जमीन बंगल्यांना आणि मोठ्या सदनिकांनाच जाणार की शिक्षक, कंडक्टर, मजूर, आदिवासी विद्यार्थी यांच्यासाठीही काही राखली जाणार, हे गाडी येण्याआधी ठरवून घ्यावे लागेल. रूळ पडल्यावर भाव चढतात आणि मग मागण्यासारखे काही उरत नाही.

हे मागायचे कसे, तेही नानांच्या चरित्रात आहे. त्यांनी एकट्याने काही केले नाही. सभा भरविली, संस्था काढली, अर्ज लिहिले, पारशी, मुसलमान, इंग्रज अशा सर्वांना बरोबर घेतले आणि सरकारदरबारी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांच्यापाशी धन होते, ते आपल्यापाशी नाही. पण ग्रामसभा आहे, मत आहे आणि लिहिता-वाचता येते. याहून अधिक भांडवल प्रारंभाला लागत नाही.

मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा आहे, ग्रँट रोडजवळ नाना चौक आहे. 2024 साली मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मान्य केला. नावे दिली जावीत, त्यात वावगे काही नाही. पण कामावरून दमून आलेल्या माणसाला गाडीतून उतरल्यावर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, त्याच्या पगारात बसेल असे घर मिळाले, तर ते नानांचे अधिक खरे स्मारक होईल. ते उभारण्याचे काम मुरबाड-शहापूरच्या आपल्या पिढीकडे आले आहे.